अर्चनाची पंगत

सन दोन हजार बावीस. मला एकाहत्तर पूर्ण होऊन बहात्तरावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात अमडापुरात आमच्या शेजारच्या घरात गुरुजींची अर्चना परत राहायला आली. गुरुजी जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. घरात त्यांची बायको सिंधुताई एकटीच. त्या न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मागून वॉकर आला आणि वॉकरच्या मागून बंगलोरहून अर्चना आली. अडतीस वर्षांची, बारकी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. हातात दोन बॅगा आणि पाठीवर कॉम्प्युटर.

आठ दिवसांत गावाला तिची एक गोष्ट पाठ झाली. भर दुपारी ती स्लॅबवर छत्री उघडून बसायची, कारण नेट तिथंच यायचं. कानात वायर, आणि इंग्रजी सुरू. पण वायर एकाच कानात. दुसरा कान खाली आईसाठी मोकळा. इंग्रजी बोलता बोलता मध्येच ओरडायची, "आई वो, उठू नको, मी आली!" आणि पुन्हा इंग्रजी. पलीकडच्या साहेबलोकांना ते सगळं ऐकू जात असेल, पण तिला त्याची लाज नव्हती.

मी एक दिवस भिंतीवरून विचारलं, "काय काम करतं बाई तू? दिवसभर बोलूनच राह्यलं."

"काकाजी, आमची कंपनी मोबाइलवर, टीव्हीवर सिनेमे दाखवते. आता असं करून राह्यलो की चार गावचे लोक आपापल्या घरी बसून एकच सिनेमा सोबत पाहतीन. एकमेकांचं हसणं बी ऐकू येईन."

"मशीन तू बनवतं?"

"मशीन दुसरे बनवतात. माणसं कशी बसतीन ते मी ठरवते."

"त्यात काय ठरवायचं? बसले की बसले."

ती हसली. "तेच तर जमून नाही राह्यलं."

मला ते काम वाटलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, तीन एकर वावरात वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर काढत आलो. काम म्हणजे हाताला दिसलं पाहिजे. मी तिला तसं तोंडावर सांगितलं. तिला राग आला नाही. तिला राग यायचाच नाही, हा तिचा दोष म्हणा की गुण म्हणा. माझ्यासारख्या भांडखोराला त्याचा त्रासच व्हायचा. भांडायला समोरून काहीतरी यावं लागतं.

तिचं खरं दुखणं मला सिंधुताईंकडून कळलं. कंपनीनं तिला अमडापुरातून काम करायची परवानगी दिली होती ती फक्त ह्या एका कामापुरती. दोन वेळा चाचणी होणार. खरे लोक, खरी घरं. दुसऱ्या चाचणीत लोक मधूनच उठून गेले, की हे काम बंद आणि अर्चनानं दिवाळीच्या आत बंगलोरला हजर व्हायचं. सिंधुताईंना तेव्हा गाडीत बसणंही जमत नव्हतं. म्हणजे पोरगी जाणार आणि आई वॉकर धरून एकटी राहणार. अर्चना हे कोणाजवळ बोलली नाही. छत्री घेऊन वर जायची, इतकंच.

तिची कामाची तऱ्हा पाहण्यासारखी होती. जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजूला ती मोबाइलची चित्रं काढायची, कापायची आणि पुठ्ठ्यावर डकवायची. मग तो पुठ्ठ्याचा मोबाइल घेऊन गावभर. किराणावाल्याला, पोस्टमनला, दळण घेऊन जाणाऱ्या बाईला, सगळ्यांना म्हणायची, "हे खरं समजा आणि दाबा." माझ्याकडेही आली. मी बोट ठेवलं ते जोरात, पुठ्ठा वाकला. त्यातून मी दाबलं म्हणून तिनं वर पुढच्या चित्राचा जो कागद ठेवला, तो भलताच निघाला.

"चुकलो मी?" मी विचारलं.

"माणूस नाही चुकत, काकाजी. बटण चुकते." आणि तिनं ते बटण तिथल्या तिथं कैचीनं कापून काढलं.

हे तिचं पालुपद होतं. एकदा किराणावाल्यानं पुठ्ठा उलटा धरला, तरी ती म्हणाली की उलटं कोणतं ते पुठ्ठ्यानं सांगायला पाहिजे होतं. माझ्या सगळ्या जन्मात 'तुमचं चुकलं नाही' असं म्हणणारी ही पहिलीच. मला बरं वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

आमच्या कमलनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला एकदा विचारलंच, "लग्नाचं काय मग, अर्चना?"

"काकू, तुमचं झालं ना?"

"हाव."

"मग पाहा, तुमाले काकाजी भेटले. मी भेऊन गेली."

कमल तीन दिवस हसत होती. मी त्यात हसण्यासारखं काही पाहिलं नाही.

आता सिंधुताईंची धाकटी बहीण शकुंतला. ती तिकडे धामणगाव बढ्याला, मोताळा तालुक्यात. तीही एकटी. दोघी बहिणी रोज संध्याकाळी एकच मालिका पाहायच्या, ही इकडे, ती तिकडे, आणि मधे फोन चालू ठेवायच्या. पण इकडचा टीव्ही पुढे धावायचा आणि तिकडचा मागे राहायचा, चार-पाच सेकंदांचा फरक. कमल आणि मी तिथं बसलेलो असताना अर्चनानं एक गोष्ट पाहिली, जी मी शंभरदा पाहूनही पाहिली नव्हती. मालिकेत कोणीतरी धपकन पडलं. आम्ही हसलो. सिंधुताईंनी पदर तोंडाला लावून हसू दाबलं. फोनमधून शकुंतलेचं हसणं आलं, तेव्हा त्या मोकळ्या हसल्या.

"आई, तू काऊन थांबली?"

"तिचा टीव्ही मागं आहे ना," सिंधुताई म्हणाल्या. "मी आधी हसली की तिले समजते आता काहीतरी होणार. तिची मजा जाते."

 अर्चना उठून स्लॅबवर गेली आणि अंधारातच कॉम्प्युटर उघडून बसली.

त्या वेळी बंगलोरच्या साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. ज्याचं नेट मंद, त्याचं चित्र उडी मारून पुढच्यांना गाठेल. मधलं त्याला दिसणार नाही. अर्चना म्हणायची, मग त्याला सोबत बसवलंच कशाला?

श्रावणात आमच्याकडे मारुतीच्या देवळात रोडगे असतात. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या इंगळावर भाजायचे, तूप ओतायचं, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. चाळीस वर्षं त्या पंगतीची जबाबदारी माझ्याकडे आहे. माझ्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठलेला नाही. त्या दिवशी अर्चना वही घेऊन आली. बायका म्हणाल्या, बस जेवायला. ती बसली नाही, माझ्या मागे मागे फिरत राहिली.

"काकाजी, सगळ्याईच्या पत्रावळीवर पडलं हे तुमाले कसं समजते? दोनशे लोक आहेत."

"शेवटच्या पत्रावळीवर पाहायचं. बाकीच्या पाहायची गरज नाही."

"आणि काही लोक लवकर खातात, काही हळू. उठतात मात्र सोबत. ते कसं?"

मी खरं तर कोणाला सांगत नाही. पण तिनं इतक्या वेळा 'काऊन' विचारलं की सांगून टाकलं. ओळीत एखादा गडी भराभर खात असला, तर त्याच्या पत्रावळीवर मी भट्टीतला ताजा रोडगा टाकतो. इतका गरम, की बोट लागत नाही. तो फुंकत बसतो, आणि तेवढ्यात ओळीतला बिनदाताचा म्हातारा त्याला गाठतो. हळू खाणाऱ्याला मात्र कोमट रोडगा, तोही कुस्करून.

"आणि त्या गड्याले समजत नाही?"

"त्याले वाटते, काकाजीनं आग्रह केला."

अर्चना वही मिटून देवळाच्या पायरीवर बसली आणि एकटीच हसायला लागली. आठ दिवसांनी तिनं मला स्लॅबवर बोलावून दाखवलं. ज्या घरचं चित्र पुढे गेलं, त्याचं चित्र आता किंचित, अगदी किंचित, हळू चालायचं. डोळ्याला कळत नव्हतं. मागचं घर त्याला गाठायचं आणि मग दोघं सोबत.

"हा तुमचा गरम रोडगा," ती म्हणाली. ऑफिसातसुद्धा तिनं त्याला तेच नाव दिलं होतं. तिकडचे लोक इंग्रजी बोलता बोलता मध्येच 'रोडगा' म्हणतात, हे मी माझ्या कानानं ऐकलं.

साहेबांना खाली चौकटीत सगळ्यांची तोंडंही दिसायला हवी होती. तेही तिनं घरीच करून पाहिलं. तोंड दिसणार म्हटल्यावर सिंधुताईंनी चांगलं लुगडं मागितलं, कमलनं केस विंचरले आणि दोघी फोटो काढायला बसावं तशा ताठ बसल्या. दोन तासांत एकदाही हसल्या नाहीत. अर्चनानं तोंडं काढून टाकली. फक्त आवाज ठेवला.

पहिली चाचणी सप्टेंबरात झाली. एक घर सिंधुताईंचं, तिथं आम्ही दोघंही. दुसरं शकुंतलेचं. तिसरं अर्चनाच्या मामांचं, वडनेर भोलजीला. तिथं नातू-सुना मिळून नऊ माणसं आणि घोड्यासारखं नेट. चौथे बंगलोरचे साहेब, त्यांच्या घरून. सुरू कोणी करायचं हे तिनं मला आधीच विचारलं होतं आणि मी छातीठोक सांगितलं होतं, सगळ्यात मोठ्या माणसानं. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बटण मामांना दिलं.

साडेसात वाजले. मामा म्हणाले, "सिंधू, तू कर सुरू. तुझं घर आहे."

सिंधुताई म्हणाल्या, "नाई दादा, तुमी असताना मी कसं?"

"शकुंतला, तू लहान आहे, तू कर."

"मी काऊन करू बाप्पा? मोठे बसले आहेत."

मामा म्हणाले, पाहुणे साहेब आहेत, त्यांनी करावं. साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. बावीस मिनिटं झाली आणि सिनेमा सुरूच झाला नाही. मामांचे नातू जेवायला उठले. साहेबांनी इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि त्यांचा आवाज बंद झाला.

 सल्ला माझा होता, हे अर्चनाला माहीत होतं आणि मलाही. मी 'चुकलो' हा शब्द बोलत नाही. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बटण चुकलं."

दुसऱ्या दिवशी मीच तिच्या स्लॅबवर चढलो. म्हटलं, "पंगतीत मोठा माणूस सुरू नाही करत. कोणीच नाही करत. देवाचं नाव सगळे सोबत घेतात आणि सगळ्याईचे हात सोबत पत्रावळीत जातात. कोणालेच पहिलं व्हा लागत नाही. हे मी तुले सांगितलं नव्हतं."

"काऊन नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाही."

तिनं ते लिहून घेतलं. मग नवीन केलं ते असं. प्रत्येक घरानं फक्त 'आम्ही बसलो' एवढं दाबायचं. शेवटचं घर बसलं की सिनेमा आपोआप सुरू.

इथवर ठीक. पण कोणीही 'थांबा' म्हटलं किंवा कोणाचं नेट गेलं, की सगळ्यांचं थांबणार असं तिनं ठरवलं, तेव्हा मी भडकलो. म्हटलं, सगळेच थांबवायला लागले तर पंगत उठायची कधी? थांबवणारा एकच पाहिजे, वाढणारा.

"काकाजी, पंगतीत कोणी हात वर केला तर तुम्ही थांबता का?"

"थांबतो."

"कोणासाठी?"

"कोणासाठीही. हात वर आहे ना."

"मग?"

 मी खाली उतरलो आणि चार दिवस तिच्याशी बोललो नाही. ती रोज भिंतीवरून 'रामराम काकाजी' म्हणायची. पाचव्या दिवशी मी 'रामराम' म्हटलं. तिनंही विषय काढला नाही.

दुसरी आणि शेवटची चाचणी दसऱ्यानंतरच्या शनिवारी. सगळी घरं तीच. सगळ्यांनी 'आम्ही बसलो' दाबलं आणि सिनेमा झपकन सुरू झाला. जुना विनोदी सिनेमा होता. वडनेरची पोरं आधी हसत नव्हती, धामणगावची शकुंतला मागं राहत नव्हती, सगळं हसू एका दमात यायचं. अर्चना दाराजवळ उभी होती. बसलीच नाही.

निम्म्यावर आला असेल, तेव्हा शकुंतलेचा आवाज गेला. तिचं नेटच गेलं. सगळ्यांचं चित्र आपोआप थांबलं आणि खाली अक्षरं आली: शकुंतलाताईंसाठी थांबलो आहोत.

एक मिनिट गेलं. साहेब इंग्रजीत बोलले. मला शब्द समजले नाहीत, पण अर्थ कोणालाही समजला असता. पुढं चला, एकासाठी किती थांबायचं.  ह्या एका उत्तरावर अर्चनाचं घरी राहणं अवलंबून होतं, आणि समोर आई वॉकरवर हात ठेवून तिच्याकडे पाहत होती.

अर्चना म्हणाली, "नो सर." आणि मग मराठीत, "थांबू."

वडनेरच्या पोरांपैकी एक म्हणाला, "चला बे, मी पानी पिऊन येतो." तिकडेच मामा गरजले, "बस खाली! आत्याआजीचं पान व्हायचं आहे अजून." हे मामांना कोणी शिकवलं नव्हतं. पोरगा बसला असावा, कारण पावलं वाजली नाहीत.

आता थांबायचं तर गप्प किती बसणार? मामांनी विचारलं, वांग्याला भाव काय. मी सांगितला. सिंधुताईंनी मामांच्या धाकट्या सुनेला कितवा महिना ते विचारलं. तिकडून साहेबांनी हिंदीत विचारलं, "काकाजी, ये रोडगा आखिर है क्या?"

मी म्हटलं, "साहेब, रोडगा मतलब गेहूँ का गोला. गोवरी के इस्तो में भूनने का. ऊपर से घी. खाने के बाद आदमी दो घंटा उठता नहीं."

"अभी भी कोई नहीं उठा," साहेब म्हणाले. मला आधी कळलं नाही, हे त्यांनी कशाबद्दल म्हटलं. अर्चनाला कळलं. तिनं पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

नऊ मिनिटांनी शकुंतलेचा आवाज आला. ती फोन घेऊन शेजाऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसली होती. दम लागला होता. "आहात का कोनी? का गेले सगळे?"

चारी घरांतून एकदम आवाज झाला. कोण काय म्हणालं ते कळलं नाही. सिनेमा जिथं थांबला होता तिथूनच सुरू झाला आणि शेवटपर्यंत एकही घर कमी झालं नाही. साहेबांचंही नाही.

सोमवारी निरोप आला. काम बंद होणार नाही. थांबायचा नियम राहील. आणि अर्चना आई चालायला लागेपर्यंत अमडापुरातूनच काम करील. तिनं पेढे वगैरे काही वाटले नाहीत. आईच्या पायाला तेल चोळत बसली होती, वायर एकाच कानात. मी दारात उभा राहिलो तर म्हणाली, "काकाजी, तुमचं नाव सांगितलं मी साहेबाले."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, हा माणूस कोणाचंच ऐकत नाही, म्हणून मी त्याले विचारते."

मी वावरात निघून गेलो. तिथं एकटा असताना मात्र मला हसू आलं.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही दर शनिवारी साडेसातला बसत होतो. सिंधुताई, आम्ही दोघं, वडनेरचे मामा, धामणगावची शकुंतला. कधी कधी साहेबही. अर्चना सोबत बसली तरी अर्धा वेळ सिनेमा पाहायची नाही, आमची तोंडं पाहायची. सिंधुताई वॉकर सोडून काठीवर आल्या, मग काठी विसरायला लागल्या. एके दिवशी त्यांनीच म्हटलं, "आता चल तुझ्या बंगलोरले. पाहू तरी, कुठं राहतं तू." अर्चनानं विचारलं, "नक्की?" आई म्हणाली, "शनिवार तिथंबी येतेच ना?"

दोन हजार चोवीसच्या मार्चात गाडी आली. सामान चढलं. सिंधुताई पुढं बसल्या आणि काचेतून मला म्हणाल्या, "धामणगावकडं गेले तर शकुंतलेले पाहून या." मी म्हटलं, पाहू. मागं अर्चना बसली होती, मांडीवर कॉम्प्युटर उघडा, इंग्रजी सुरू. मी तिच्या खिडकीशी गेलो. मला काहीतरी बोलायचं होतं. काय, ते आता आठवत नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, बोलणं न थांबवता एक बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट थांबा. मी थांबलो. ड्रायव्हरला काय माहीत, त्यानं गाडी काढली. चिखलीच्या रस्त्याला गाडी वळताना मागच्या काचेत तिचं ते बोट अजून वरच दिसत होतं. मग तिच्या लक्षात आलं असावं, कारण बोटाचा पूर्ण हात झाला.

दीड वर्ष मी शकुंतलेचं हसणं, खोकणं, चहाचा कप ठेवणं सगळं ऐकलं होतं. तिचं तोंड मात्र मी कधी पाहिलं नव्हतं, तिनं माझं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि कमल पहिल्या गाडीनं निघालो, चिखलीहून बुलढाणा, तिथून मोताळ्यामार्गे धामणगाव बढे. सोबत पिशवीभर कोवळी वांगी. घर विचारत विचारत गेलो. दारासमोर उभं राहून मी आवाज दिला, "आहे का कोनी घरात?"

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "या काकाजी, दार उघडंच आहे. काकू बी आल्या का?"

मी वांगी ओट्यावर ठेवली आणि चपला काढल्या.